चुंबक, मेंदू आणि हृदयाची चाल



आम्ही डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. आमची हयात गेटसभा, बोनसचे वाद आणि लेबर कोर्टाच्या तारखा यांत गेली, आणि शाळेशी आमचा संबंध सातवीतच संपला. तेव्हा असल्या विषयावर बोलण्याचा आम्हांस अधिकार काय, असे आपण विचाराल. त्याला कारण झाली एक गादी.

सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक जॉबर, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, एके दिवशी युनियनच्या कचेरीत आले. ग्रॅच्युइटीच्या पैशांतून त्यांनी आत चुंबक शिवलेली एक महागडी गादी घेतली होती. ती मामींसाठी. मामींच्या छातीत पेसमेकर बसवलेला. विकणाऱ्याने सोबत एक छापील कागद दिला होता. चुंबकीय उत्तेजनाने हृदयाच्या ठोक्यांतील चढउतार सुधारतात असे परदेशी संशोधनात आढळले आहे, असा त्यातील मजकूर. मामा म्हणाले, "भाऊ, हे शास्त्र खरं का खोटं, तेवढं वाचून सांगा." त्यासाठी आम्हांस पुष्कळ वाचावे लागले, जाणत्या डॉक्टरांना विचारावे लागले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हृदयाचे पाहू. आपली समजूत अशी की, निरोगी हृदय घड्याळासारखे टिकटिकते. वस्तुस्थिती निराळी आहे. नाडी मिनिटाला ६० असली तरी प्रत्येक ठोका नेमका एका सेकंदाने पडत नाही. एक अंतर ९४० मिलिसेकंद, पुढचे १,०१०, त्यापुढचे १,०५० असे ते बदलत राहते. आपण श्वास आत घेतला की ठोके किंचित जलद होतात, सोडला की मंदावतात. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ सालीच हे नोंदवले होते. या बदलालाच डॉक्टर 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी' म्हणतात. आपण त्याला ठोक्यांतील चढउतार म्हणू.

हे चढउतार कोठून येतात? हृदयाला स्वतःची चाल असते. तरुण माणसाचे हृदय मज्जातंतूंच्या हुकमाविना चालू दिले, तर ते मिनिटाला सुमारे १०० ठोके देईल. विश्रांतीच्या वेळी ते ६०-७० वर येते, याचे कारण मेंदूच्या देठापासून निघालेला व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याला सतत ब्रेक लावीत असतो. उलट जिना चढताना, भीती वाटताना, वेग वाढवणारे दुसरे मज्जातंतू कामाला लागतात. ब्रेक क्षणात लागतो आणि क्षणात सुटतो, म्हणून ठोक्यांची अंतरे हलती राहतात. अंतरे फारच एकसारखी झाली, तर ब्रेक क्षीण झाला की काय, अशी शंका घ्यावी लागते. १९८७ साली अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८०८ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांचे चढउतार अगदी कमी होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका भरपूर चढउतार असणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक आढळला.

आता चुंबकाकडे वळू. येथे मायकेल फॅरडेचे नाव घेतलेच पाहिजे. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकलेला हा माणूस. १८३१ साली त्याने दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर सरकवला की तारेत वीज उत्पन्न होते. परंतु तोच चुंबक स्थिर ठेवला तर काही होत नाही. वीज उपजते ती चुंबकाच्या नुसत्या असण्याने नव्हे, त्याच्या क्षेत्रात होणाऱ्या बदलाने. आजच्या विषयाची किल्ली या एका वाक्यात आहे, म्हणून ते ध्यानात ठेवावे.

याच तत्त्वावर १९८५ साली इंग्लंडातील शेफील्ड येथे, म्हणजे पोलादाच्या कारखान्यांच्या गावी, अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र वापरून दाखविले. तांब्याच्या तारेचे वेटोळे डोक्यावर धरायचे आणि त्यातून सेकंदाच्या काही दशसहस्रांश भागापुरता हजारो अँपिअरचा प्रवाह सोडायचा. क्षणभर दीड-दोन टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र उभे राहते व लगेच मावळते. या झपाट्याच्या बदलामुळे कवटी न उघडता मेंदूच्या वरच्या थरात वीज उपजते. हाताचा ताबा असलेल्या भागावर ते धरले की हाताचे स्नायू आपोआप हलतात. पुढे हे यंत्र औदासीन्याच्या विकारावर वापरले जाऊ लागले. अमेरिकेच्या सरकारी खात्याने २००८ साली त्यास मान्यता दिली.

मग हृदयाचा संबंध कोठे आला? कपाळामागील मेंदूचा भाग आणि व्हेगस मज्जातंतू हे आतल्या वाटांनी जोडलेले आहेत. २०१७ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखविले की, कपाळाच्या वरच्या बाजूला ठराविक जागी असे उत्तेजन दिले की हृदयाची गती किंचित उतरते. त्याच वर्षी अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यातही सरासरीने गती थोडी कमी व चढउतार थोडे जास्त, असे निघाले. 'थोडे' हा शब्द महत्त्वाचा आहे. यंत्राचा टकटक आवाज व टाळूवर बसणारी टिचकी यांनीही हृदय दचकू शकते. म्हणून खोटे वेटोळे धरून तुलना करावी लागते. शिवाय चढउतारांचा आकडा वाढला म्हणजे आयुष्य वाढले, असे सिद्ध झालेले नाही. थर्मामीटर गार पाण्यात बुडवून ताप उतरत नाही.

आता गादीचा न्याय करणे सोपे आहे. गादीतला चुंबक जागचा हलत नाही. त्यावर निजणाऱ्याच्या मेंदूत तो वीज उपजवीत नाही. रक्तातील लोह तो ओढून घेतो, हेही खरे नव्हे. एमआरआयच्या बोगद्यात माणूस दीड किंवा तीन टेस्लाच्या क्षेत्रात निजतो, तरी त्याचे रक्त कोठे एका बाजूला धाव घेत नाही.

उलट मामींना धोकाच होता. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखण्याची सोय असते. जोरदार चुंबक छातीशी आला की बहुतेक पेसमेकर हृदयाचा स्वतःचा ठोका ऐकणे थांबवतात आणि ठरलेल्या गतीने ठोके देत राहतात. डॉक्टर तपासणीच्या वेळी हा गुण मुद्दाम वापरतात. घरच्या गादीवर रात्रभर हा प्रयोग कोणी करू नये. डोक्यावरच्या यंत्राचेही तसेच: पेसमेकर असलेल्याने, डोक्यात धातू असलेल्याने किंवा फेफऱ्याचा त्रास असलेल्याने ते तज्ज्ञाला विचारल्याविना घेऊ नये.

आम्ही मामांना सांगितले, "मामा, कागदातलं शास्त्र खरं आहे, पण ते या गादीचं नाही." गादी त्याच दिवशी मामींच्या खाटेवरून निघाली. पैसे मात्र आजतागायत परत आले नाहीत. आम्ही तक्रार केली आहे, पाठपुरावा चालू आहे.

आपणांपैकी कोणाच्या दारी असा विक्रेता आला, तर त्याला एकच प्रश्न विचारा: यातले चुंबकीय क्षेत्र बदलते का, आणि ते कोणी, कोणत्या रोग्यांवर मोजले? उत्तर मिळेपर्यंत ग्रॅच्युइटीचा चेक फाडू नका, आणि घरात पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.