दूरदेशीचे शिक्षण आणि त्याचा हिशेब

दसरा उलटला की मांजरसुंब्याच्या चौकातून ऊसतोडीच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात आणि आमच्या वर्गांतील काही बाके रिकामी होतात. फाल्गुन-चैत्रात ती मुले परत आली म्हणजे पहिला प्रश्न हाच, की तिकडच्या साखरशाळेत जे शिकणे झाले ते येथे धरावयाचे की नाही. अशाच एका मुलाने यंदा आम्हांस विचारले, "गुरुजी, परदेशी कॉलेजात अर्धे वर्ष शिकले तर ते इकडे मोजतात का?" प्रश्न मार्मिक आहे. त्याचे उत्तर पालकांच्याही दृष्टीस पडावे, म्हणून येथे देत आहो.

कॉलेजातील अभ्यास हल्ली श्रेयांकांनी मोजतात. बोलण्यात त्यास 'क्रेडिट' म्हणतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याप्रमाणे ३० तासांच्या अध्ययनास एक श्रेयांक, व वर्षास ४० श्रेयांक, असे माप आहे. २०२१ साली निघालेल्या श्रेयांक-पेढीत ते विद्यार्थ्याच्या नावे जमा राहतात. पुढे २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले. त्यांतील 'ट्विनिंग' नावाच्या योजनेत पदवीच्या एकंदर श्रेयांकांपैकी शेकडा ३० पर्यंत परदेशी विद्यापीठात मिळविलेले चालतात. तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक धरले तर हे ३६ होतात, म्हणजे जवळजवळ एक वर्ष! मात्र दोन्ही संस्थांचा आपसांत करार झालेला असला पाहिजे. करार नसता गेलेल्याचे शिकणे ज्ञान म्हणून उरेल. पदवीत त्याचा हिशेब लागेलच असे नाही.

हे झाले मापाचे. पैशाचे काय? आमच्या भागात 'उचल' हा शब्द लहान मुलासही ठाऊक आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटता फिटत नाही व पुढच्या साली पुन्हा कोयता घेऊन जाणे भाग पडते. त्यामुळे शिक्षणासाठी कर्ज म्हटले की पालकांच्या कपाळास आठी पडते, आणि त्यात त्यांचा दोष आम्हांस दिसत नाही. परंतु सर्वच कर्ज उचलीच्या जातीचे नसते. मुंबईस जमशेटजी टाटांनी १८९२ साली एक निधी स्थापिला. त्यातून परदेशी जाणाऱ्या हुशार विद्यार्थ्यांस कर्जरूपाने शिष्यवृत्ती मिळते. शिकून मिळवते झाल्यावर ती फेडावयाची, आणि फेडीच्या पैशाने दुसरा कोणी जावयाचा. पहिल्या दोघी विद्यार्थिनी डॉक्टर स्त्रिया होत्या, एक फ्रेनी कामा व दुसऱ्या कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. ज्या काळी मुलीस शाळेत घालण्यावरूनही घरात वाद होत, त्या काळची ही गोष्ट! पुढे १९५७ साली जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही ह्याच निधीच्या आधाराने. आजवर पाच हजारांहून अधिक जणांस त्याचा लाभ झाला आहे.

पैसा मध्येच तुटला म्हणजे काय होते, हे डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात दिसते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, तेथून १९१६ साली लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत सरली व १९१७ साली त्यांस अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सुदैवाने चार वर्षांच्या आत येऊन तो पुरा करण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले, आणि १९२३ साली डी. एस्‌सी. झाले. मुभा नसती तर तो पहिला अभ्यास फुकट जाता.

टाटांचा निधी मुख्यत्वे पदवीनंतरच्या अभ्यासास साहाय्य करतो, हे त्या मुलास आम्ही सांगितले. पदवीच्या वर्गातून जावयाचे असल्यास करार आहे की नाही, हे आपल्याच कॉलेजात आधी विचारावे व उत्तर लेखी घ्यावे. त्याने ते वहीत टिपून घेतले. त्याचे वडील दाराशी उभे राहून ऐकत होते, "फेड केव्हा सुरू होते?" एवढेच त्यांनी विचारले.