सरपण वाचवा

मंडळी, घरी सरपण कोण आणतं? बहुतेक बायाच. म्हणून आम्ही चार गोष्टी सांगतो. त्यानं सरपण वाचतं, गॅसही वाचतो.

डाळ, हरभरा आधी भिजत घाला. भिजलेला दाणा लवकर शिजतो.

भांड्यावर झाकण ठेवा. वाफ कोंडते, ऊब वाया जात नाही.

उकळी फुटली की जाळ कमी करा. उकळतं पाणी सुमारे १०० अंशांवर थांबतं. मग कितीही लाकडं सारा, पाणी नुसतं आटतं. डाळ काही लवकर शिजत नाही.

लाकूड फोडून, वाळवून जाळा. ओल्या लाकडाची बरीच धग त्यातलं पाणी आटवण्यातच जाते. धूर होतो, डोळे चुरचुरतात, छाती भरते.

हे फोडण्या-वाळवण्याचं काम गड्यांनी करावं. बायांची एखादी खेप वाचेल. रानातलं झाडही राहील.