बिलापुरता दिलेला ईमेल

साडीच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा विचारतो, “ताई, बिल ईमेलवर पाठवू?” बिल येतं आणि पाठोपाठ दिवाळी धमाका, मान्सून सेल, सगळंच येऊ लागतं. पत्ता गिऱ्हाइकानेच दिला ना, असं मालकाचं म्हणणं. दिला खरा, पण बिलापुरता.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात असंच एक उदाहरण दिलं आहे. ग्राहकाने पावतीचा मेसेज मागून औषधाच्या दुकानात माहिती दिली, तर दुकानाने ती पावती पाठवायला वापरावी. जाहिरातींसाठी वेगळं विचारायला हवं, आणि होकार ग्राहकाच्या स्पष्ट कृतीतून यायला हवा. चौकोनात आधीच खूण करून ठेवणं त्यात बसत नाही. युरोपीय न्यायालयानेही २०१९ मध्ये कुकीजच्या ‘प्लॅनेट४९’ खटल्यात तेच सांगितलं. संमतीची विनंती मराठीतून वाचायची सोयही कायद्याने मागितली आहे.

वाद झालाच, तर संमती रीतसर घेतल्याचं सिद्ध करायचं काम दुकानाचं. म्हणून तारीख आणि दाखवलेला मजकूर जपून ठेवावा. विकत आणलेल्या याद्यांचं इथेच घोडं पेंड खातं! संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं. ‘अनसबस्क्राइब’ दाबल्यावर पासवर्ड मागणं हा शुद्ध चावटपणा आहे.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले; संमतीच्या तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील.