एरर मेसेजमधलं नाव नेहमी अवतरणचिन्हांत छापा!

समजा, पायथनच्या डिक्शनरीत स्टेशनांची नावं आहेत. किल्ली आहे 'अंबरनाथ' आणि फॉर्ममधून आलं 'अंबरनाथ ', शेवटी एक स्पेस. पायथन म्हणतो, कीएरर: 'अंबरनाथ '. अवतरणचिन्हं आहेत म्हणून ती स्पेस लगेच दिसते. एफ-स्ट्रिंगने स्वतःचा मेसेज लिहिताना ती आपोआप येत नाहीत. महिरपी कंसात व्हेरिएबलनंतर उद्गारचिन्ह आणि इंग्रजी आर टाका, काम झालं.

कुणी 'अम्बरनाथ' टाइप केलं तर? गाव तेच, पण आधीच्या नावात ७ युनिकोड चिन्हं, यात ८. नॉर्मलायझेशननेही ही दोन नावं एक होत नाहीत. म्हणून मेसेजमध्ये नावाशेजारी लांबीही छापावी, असं माझं ठाम मत आहे.

आता स्टॅक ट्रेस, म्हणजे एररपर्यंत कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी. समजा, फंक्शनांना स्टेशनांचीच नावं आहेत आणि प्रत्येक जण पुढच्याला बोलावतो. पायथन ही यादी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी छापतो. जिथे बिघडलं ते बदलापूर तळाशी. जावा बदलापूर सर्वांत वर छापते. नवख्यांचा गोंधळ इथेच होतो!

२०२२ मध्ये आलेल्या पायथन ३.११ पासून ट्रेसमध्ये ओळीतल्या नेमक्या भागाखाली खुणा येतात. फार सुंदर सोय! फक्त देवनागरीत जपून: 'उल्हासनगर' डोळ्यांना ६ अक्षरी, पायथनच्या मोजणीत ९. त्यामुळे टर्मिनलवर खूण थोडी सरकलेली दिसू शकते. अशा वेळी ओळ क्रमांक आणि शेवटची ओळ आधी वाचा.