आधी कोण, मागून कोण?

‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात व वीस मागाहून. लिहिताना मात्र २ हा अंक प्रथम येतो. संगणकांतही असाच क्रमभेद आढळतो.

मोठी संख्या साठविताना संगणक तिचे ‘बाइट’ नावाचे भाग पाडतो. २५८ म्हणजे एक वेळ २५६ आणि वर २. म्हणून तिचे भाग १ व २. काही संगणक मोठा भाग आधी ठेवितात, तर काही लहान. एकाने पाठविलेले २५८ दुसऱ्याने उलट क्रमाने वाचले, की त्याचे ५१३ होतात! गणित कोणाचेच चुकत नाही. निरोप मात्र खोटा ठरतो.

दोन्ही संगणक एकाच जातीचे असले, तर हा दोष दिसतच नाही. म्हणून कुशल आज्ञावलीकार आपली आज्ञावली भिन्न जातींच्या संगणकांवर पारखून घेतात.

कोणता क्रम श्रेष्ठ, यावर तज्ज्ञांत मोठा वाद होता. सर्वांनी एकच क्रम पाळणे अधिक महत्त्वाचे, असे डॅनी कोहेन यांनी १९८० साली प्रतिपादिले. इंटरनेटच्या मूळ नियमांनुसार मोठा भाग आधी जातो. पाठविणारा संख्या त्या क्रमाने मांडतो. घेणारा ती आपल्या क्रमाने लावून घेतो. घरात ज्याची त्याची रीत असावी. चव्हाट्यावर मात्र सर्वांची एकच असावी.