हिरड्यांचे दुखणे आणि विम्याचे गणित

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, या म्हणीचा अर्थ महाराष्ट्रातील पगारदार माणसाला बहुधा निवृत्तीच्या सुमारास पुरेपूर उमगतो. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते आणि लग्नकार्ये उरकून हाती चार पैसे शिल्लक राहू लागतात, तेव्हा दंतवैद्य सांगतो की, दात किडलेले नाहीत. पण हिरड्या उतरल्या आहेत, मुळे उघडी पडली आहेत आणि उपचाराला काही हजार रुपये लागतील. वर्षानुवर्षे आरोग्यविम्याचा हप्ता बिनचूक भरणारा हा गृहस्थ घरी येऊन विमापत्र उघडतो. दंतोपचाराचा उल्लेख त्यात असतो खरा. परंतु तो बहुधा वगळलेल्या बाबींच्या यादीत.

हिरडी एका रात्रीत उतरत नाही. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात जंतूंचा थर साचतो, त्याचे कठीण कीटण बनते, हिरडी सुजते आणि आतील हाडासह हळूहळू मागे सरते. कडक ब्रशाने जोरजोराने दात घासल्यानेही हिरडी झिजते. ग्रामीण भागात, विशेषतः स्त्रियांमध्ये, मिश्री लावण्याची जी सवय आहे, तिचाही यात वाटा असतो. दुखणे मात्र जाणवते ते फार उशिरा, आणि एकदा गेलेली हिरडी आपण होऊन परत येत नाही.

खर्चाची चढणही रोगाप्रमाणेच पायरीपायरीने वाढते. शहरातील खाजगी दवाखान्यात दातांवरील कीटण काढून घेण्यास साधारणतः हजार-दीड हजार रुपये पडतात. ते वेळेवर न झाल्यास हिरडी उघडून मुळे साफ करण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. टाळूवरील ऊती काढून उघड्या मुळावर कलम करावयाचे, तर आकारणी दातागणिक होते आणि ती अनेक हजारांच्या घरात जाते. दात पडून त्या जागी कृत्रिम दाताचे रोपण करण्याची पाळी आली, तर एका दातासाठी वीस-पंचवीस हजार रुपयेही अपुरे पडू शकतात.

विमा या खर्चापासून दूर का राहतो? रुग्णाला किमान चोवीस तास रुग्णालयात राहावे लागत नाही, असे उत्तर सामान्यतः मिळते. ते पुरेसे नाही. मोतीबिंदूचा रुग्ण हल्ली त्याच दिवशी घरी जातो, तरीही त्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा देतो. सर्व कंपन्यांना २०२० पासून सक्तीची केलेली ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित योजना रोगामुळे वा इजेमुळे कराव्या लागणाऱ्या दंतोपचाराचा समावेश करते. परंतु तीही मुळात रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचीच योजना आहे. दवाखान्याच्या खुर्चीवर बसून करून घेतलेल्या उपचारापर्यंत तिचा हात सहसा पोचत नाही.

खरे कारण विम्याच्या मूळ तत्त्वात आहे. जे संकट अनिश्चित असते, थोड्यांवरच कोसळते आणि कोसळल्यास माणसाला धुळीस मिळवते, त्याचा भार अनेकांनी मिळून उचलणे म्हणजे विमा. आग आणि अपघात ही त्याची नमुनेदार उदाहरणे. हिरड्यांचा विकार याच्या उलट आहे. तो फार मोठ्या लोकसंख्येला होतो, त्याची चाहूल आधी लागते आणि उपचार केव्हा घ्यावयाचा हे रुग्ण ठरवू शकतो. अशा गोष्टीचा विमा ज्यांना उपचार हवाच आहे तेच प्रामुख्याने घेतात. मग हप्ता वाढत जाऊन उपचाराच्या खर्चाला गाठतो आणि त्यात कंपनीच्या व्यवस्थापनखर्चाची भर पडते. कंपन्यांचा नकार हा दुष्टपणा नसून हिशेब आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु कंपनीचा हिशेब आणि समाजाचा हिशेब एक नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, तीव्र स्वरूपाच्या हिरड्यांच्या विकाराने जगात शंभर कोटींहून अधिक माणसे ग्रस्त आहेत. स्वस्त उपचार खिशातून करावयाचा म्हणून लांबणीवर पडतो आणि महाग उपचार परवडत नाही म्हणून दात उपटला जातो, हे चित्र आपल्याकडेही अनोळखी नाही.

या पेचातून वाट काढणाऱ्यांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगार अग्रेसर होते. १९५४ साली त्यांच्या संघटनेने आणि मालकांनी कल्याणनिधीतून कामगारांच्या मुलांसाठी दंतोपचाराची व्यवस्था केली. दंतवैद्यांशी आधीच करार करून वर्गणीतून सेवा घेण्याची ही पद्धत पुढे तेथे रूढ झाली. तेथील दंतयोजना आजही तपासणी व सफाई यांचा भार बहुधा पूर्ण उचलतात आणि मोठ्या उपचारांवर वार्षिक मर्यादा घालतात. नाव विम्याचे असले, तरी ही वस्तुतः आगाऊ वर्गणी आहे.

महाराष्ट्रात अशा व्यवस्थेला लागणारी सामग्री तयार आहे. शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्या गावोगावी आहेत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबई महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, आणि खाजगी दंत महाविद्यालयांनाही विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी रुग्ण हवेच असतात. केंद्र सरकारच्या कर्मचारी आरोग्य योजनेत दंतोपचारांचे दर ठरवून दिलेले असल्याने वाजवी दर कोणता, हा वादही उरत नाही. पतपेढीने सभासदांकडून दरमहा शंभर रुपये घेतले, तर वर्षाचे बाराशे होतात. एकगठ्ठा करार केल्यास त्यात प्रत्येकाची वार्षिक तपासणी व सफाई बसविणे कठीण नाही.

अर्थात ज्यांना पगार नाही आणि पतपेढीही नाही, त्यांचा प्रश्न यातून सुटत नाही. मिश्री लावणाऱ्या शेतमजूर स्त्रीसाठी ग्रामीण रुग्णालयातील दंतचिकित्सकाची जागा भरलेली असणे आणि त्याच्या हाती साधने असणे, एवढेच खरे संरक्षण आहे. तो भार शासनानेच वाहिला पाहिजे. पगारदारांनी मात्र विमा कंपनीच्या दारात ताटकळत राहण्यापेक्षा आपल्या पतपेढीच्या येत्या वार्षिक सभेत हा विषय मांडावा. हिरड्या तोवर थांबणार नाहीत.