घंटा खरी बोलली पाहिजे

मंडळी, ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. मुलगा उगीच ओरडायचा, लोक धावून यायचे आणि हसे होऊन परत जायचे. लांडगा खरोखरच आला, तेव्हा मात्र कोणी धावले नाही. आज अशीच एक गोष्ट सांगतो, पण ती खरी घडलेली आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात सीटन हॉल नावाचे विद्यापीठ आहे. तेथील बोलंड हॉल या वसतिगृहात पहिल्या वर्षाचे सुमारे सहाशे विद्यार्थी राहत होते. १९ जानेवारी २००० रोजी पहाटे साडेचारच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरील बैठकीच्या खोलीत आग लागली. धोक्याची घंटा वाजली. बरे का, यंत्र बिघडलेले नव्हते! पण आधीच्या चारपाच महिन्यांत तीच घंटा अठरा वेळा उगाच वाजली होती. अनेक मुलांना वाटले, ही आणखी एक खोटी घंटा. तीन विद्यार्थी मरण पावले, पन्नासांहून अधिक जखमी झाले. छताला पाण्याचे फवारे नव्हते. त्या जुन्या इमारतीला तशी सक्तीही नव्हती. त्याच वर्षी न्यू जर्सीने सर्व विद्यार्थी वसतिगृहांत फवारे बसवण्याचा कायदा केला.

आता तुम्ही म्हणाल, घंटा खोटे का बोलते? त्यासाठी ती धूर कसा ओळखते हे पाहू. कौलाच्या फटीतून घरात उन्हाचा कवडसा येतो, तेव्हा हवेतली धूळ चमकताना दिसते ना? धूर ओळखणाऱ्या डबीतही तेच घडते. आत अंधार असतो, त्यात उजेडाची एक बारीक शलाका असते, आणि बाजूला, तो उजेड थेट पडणार नाही अशा जागी, एक विजेचा डोळा असतो. धूर आत शिरला की उजेड विखुरतो, डोळ्याला दिसतो आणि घंटा वाजते. पण डबीला धूर आणि वाफ यांतला फरक कळत नाही. न्हाणीघराची वाफ, फोडणीचा धूर, साचलेली धूळ, आत शिरलेला किडा, या सर्वांनी ती फसते.

म्हणून जुनी व्यवस्था सुधारणे म्हणजे नुसती मोठ्या आवाजाची घंटा आणणे नव्हे. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णता ओळखणारे यंत्र बसवावे. धुराच्या डब्या झोपण्याच्या खोल्यांत, वाटेत आणि जिन्यावर असाव्यात. त्या वेळोवेळी झाडून स्वच्छ कराव्यात आणि साधारण दहा वर्षांनी बदलाव्यात. सर्व डब्या एकमेकींशी जोडलेल्या हव्यात. एका टोकाला धूर झाला तरी दुसऱ्या टोकाचा मुलगा जागा झाला पाहिजे. झोपेत धुराचा वास येऊन जाग येईल या भरवशावर राहू नये. धूर माणसाला झोपेतच गुंगवतो. जुन्या पद्धतीत फलकावर फक्त ‘दुसरा मजला’ एवढेच कळते. नव्या पद्धतीत प्रत्येक डबीला स्वतःचा पत्ता असतो, त्यामुळे नेमकी खोली कळते. कोणती डबी वारंवार फसते हेही कळते, आणि तिचा बंदोबस्त करता येतो. शिवाय वीज गेली तरी निदान एक दिवस चालेल अशी बॅटरी हवी. आपल्या खेड्यापाड्यांत हे मी वेगळे सांगायला नको.

घंटा वाजली आणि दाराला कुलूप असले, तर? केनियातील क्यांगुली येथील शाळेच्या वसतिगृहाला मार्च २००१ मध्ये आग लागली. एक दार बंद होते, खिडक्यांना गज होते. ६७ मुले दगावली. तेव्हा रात्री चोराच्या भीतीने कड्या लावा, पण आतून किल्लीवाचून उघडतील अशा लावा.

महाराष्ट्राला वसतिगृहांची मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह सुरू केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणले. आजही वाडीवस्तीवरचा बाप ट्रंक आणि वळकटी घेऊन पोराला वसतिगृहाच्या दारात सोडतो आणि म्हणतो, “गुरुजी, आता तुमच्या हवाली.” त्या शब्दाची जबाबदारी छतावरच्या डबीपर्यंत पोहोचते.

गुरुजी, यंत्रासाठी पैसे मंजूर व्हायला वेळ लागेल. पण काही कामांना दमडीही लागत नाही. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी घंटा तपासा. सत्रातून निदान एकदा रात्री मुलांना उठवून मैदानात आणा आणि हजेरी घ्या. १०१ आणि ११२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. घंटा उगाच वाजली, तर का वाजली हे वहीत टिपा आणि कारण दूर करा. गोंगाटाला कंटाळून तिची तार मात्र काढू नका.

घंटेवर मुलांचा विश्वास असला, तरच ती मुलांना वाचवील. तो विश्वास टिकवणे आपल्या हाती आहे.